रस्ता-सायकलचा सांगाडा : ॲल्युमिनियम व कार्बन

पक्क्या रस्त्यावर वेगाने व दूरवर जाण्यासाठी बनविलेल्या हलक्या सायकलचा मुख्य भारवाहक भाग. व्यवहारात यास ‘फ्रेम’ म्हणतात. स्वाराचे वजन, पेडलवर पडणारा जोर, हँडलची ओढ आणि रस्त्याचे हादरे ही सर्व बले सांगाडाच पेलतो. म्हणून तो हलका, दृढ व टिकाऊ असा एकाच वेळी असावा लागतो. या तिन्ही अपेक्षा पूर्णपणे भागविणारे एकही द्रव्य नाही. सायकलच्या इतिहासात लाकूड, पोलाद, ॲल्युमिनियम, टायटॅनियम, मॅग्नेशियम आणि कार्बन तंतूंचे संमिश्र द्रव्य अशा नाना द्रव्यांचे सांगाडे झाले. एकविसाव्या शतकात मध्यम किमतीच्या रस्ता-सायकलींत, म्हणजे नवशिक्यांच्या स्वस्त सायकली आणि व्यावसायिक स्पर्धकांच्या महाग सायकली यांच्या मधल्या वर्गात, निवडीचा प्रश्न मुख्यतः ॲल्युमिनियम व कार्बन या दोहोंपुरता उरला आहे. या दोन्ही द्रव्यांविषयीच्या प्रचलित समजुती त्यांच्या इतिहासातून आलेल्या आहेत आणि त्यांतील बऱ्याचशा द्रव्याच्या अंगभूत गुणांपेक्षा त्या त्या काळातील रचनेच्या दोषांवर आधारलेल्या आहेत.

पोलादाचा काळ : जॉन केंप स्टार्ली यांनी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १८८५ मध्ये ‘रोव्हर’ ही सुरक्षित सायकल प्रचारात आणली. दोन सारख्या आकारमानांची चाके आणि साखळीने फिरणारे मागील चाक ही तिची वैशिष्ट्ये होत. त्यानंतर थोड्याच वर्षांत दोन त्रिकोण एकमेकांना जोडून होणारा चौकोनी सांगाडा रूढ झाला व तोच आजतागायत टिकून आहे. बर्मिंगहॅम येथील रेनल्ड्स कंपनीने १८९७ मध्ये टोकांशी जाड व मध्यभागी पातळ अशा पोलादी नळ्यांचे एकस्व घेतले. सांध्याजवळ प्रतिबल जास्त असते व मध्यभागी कमी, या साध्या तत्त्वामुळे बळकटी न गमावता वजन कमी करता आले. याच कंपनीची मँगॅनीज-मॉलिब्डेनमयुक्त ‘५३१’ ही नळी १९३५ मध्ये बाजारात आली आणि पुढील सु. अर्धशतक शर्यतींच्या सायकलींत तिचा व मिलान येथील कोलुंबुस कंपनीच्या नळ्यांचा दबदबा राहिला. पोलादी नळ्या पितळी झाळकामाने खोबणीत जोडीत. अशा उत्तम सांगाड्याचे वजन दोन किग्रॅ.च्या आसपास भरे. नळ्यांचे व्यास ठरून गेलेले असल्याने खोबण्या, हत्यारे आणि कारागिरांचे हातही त्याच मापांना सरावले. नव्या द्रव्यांना पुढे जी अडचण आली, तिचे मूळ या सरावात होते.

ॲल्युमिनियमचे आरंभीचे प्रयत्न : अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी १८८६ मध्ये स्वतंत्रपणे शोधलेल्या विद्युत् विच्छेदन पद्धतीमुळे ॲल्युमिनियम स्वस्त झाले. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच अमेरिकेतील सेंट लुइस येथे ओतीव ॲल्युमिनियमचा सांगाडा असलेली ‘लु-मि-नम’ ही सायकल विक्रीस आली. फ्रान्समध्ये १९३०–४० या दशकात ‘कामिनार्जां’ या नावाच्या, अष्टकोनी ॲल्युमिनियम नळ्यांच्या सायकली बनत. मात्र त्या काळी ॲल्युमिनियमचे वितळजोडकाम अवघड होते; जोडकामाच्या उष्णतेने मिश्रधातूची कमावलेली बळकटी सांध्याजवळच नाहीशी होई. त्यामुळे हे प्रयत्न कुतूहलापलीकडे फारसे गेले नाहीत.

इटलीत लोदोव्हीको फालकोनी यांच्या ‘आलान’ कंपनीने १९७२ पासून निराळा मार्ग धरला. नळ्या वितळवून न जोडता ओतीव सांध्यांत आटे पाडून व आसंजक लावून त्या बसविण्यात येऊ लागल्या. फ्रान्समधील ‘व्हितुस ९७९’ हा १९७९ चा सांगाडाही केवळ आसंजकाने जोडलेला होता. आयर्लंडचा शॉन केली याने १९८४ व १९८६ मध्ये पॅरिस–रूबे ही दगडी फरसबंदीवरील कठीण शर्यत व्हितुस सांगाड्यावर जिंकली. तथापि या सांगाड्यांच्या नळ्या जवळजवळ पोलादी नळ्यांइतक्याच व्यासाच्या होत्या. ॲल्युमिनियमची घनता दर घ. सेंमी.स २.७ ग्रॅ. म्हणजे पोलादाच्या (७.८५ ग्रॅ.) सु. एकतृतीयांश असते, पण त्याचा स्थितिस्थापकता गुणांकही (सु. ७० गिगॅपास्काल) पोलादाच्या (सु. २०० गिगॅपास्काल) एकतृतीयांशच असतो. साहजिकच त्याच मापाची नळी हलकी झाली तशीच लवचिकही झाली. अवजड व जोरकस स्वारांना हा सांगाडा पायाखाली वाकल्यासारखा वाटे. ‘ॲल्युमिनियम मऊ असते’ ही समजूत त्या काळातील होय.

रुंद नळ्यांची क्रांती : पातळ भिंतीच्या नळीचा व्यास दुप्पट केला व भिंतीची जाडी तीच ठेवली, तर तिचे वजन दुप्पट होते, पण वाकण्याला व पिळवटण्याला होणारा तिचा विरोध आठपट होतो. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९७०–८० या दशकात विद्यार्थ्यांनी ॲल्युमिनियमच्या सायकली बनविल्या. त्यांपैकी गॅरी क्लाइन यांनी या गणिताचा पद्धतशीर उपयोग करून रुंद व पातळ नळ्यांचे, वितळजोडकामाने जोडलेले आणि नंतर उष्णता संस्करण केलेले सांगाडे तयार केले. कॅननडेल कंपनीने १९८३ मध्ये याच धर्तीच्या सायकली मोठ्या प्रमाणावर विक्रीस आणल्या. हे सांगाडे हलके होतेच, शिवाय पोलादी सांगाड्यांहून अधिक दृढ होते. इतके, की आता ‘ॲल्युमिनियम कडक असते, हादरे अंगावर येतात’ अशी अगदी उलट तक्रार सुरू झाली. दहा वर्षांपूर्वी मऊ म्हणून नावे ठेवलेला धातू तोच होता. बदलला होता तो नळीचा व्यास.

मिश्रधातूंची निवडही या काळात स्थिरावली. मॅग्नेशियम व सिलिकॉन असलेल्या ६०६१ या मिश्रधातूच्या सांगाड्यास वितळजोडकामानंतर सु. ५३० से. तापमानापर्यंत तापवून झटकन थंड करणे आणि नंतर कमी तापमानास मुरविणे, असे दुहेरी संस्करण लागते. जस्तयुक्त ७००५ मिश्रधातूस केवळ मुरविणे पुरते. आशियातील कारखान्यांना हे सोयीचे पडले. पुढे नळीत द्रव भरून प्रचंड दाबाने तिला साच्याचा आकार देण्याची पद्धत आली आणि ॲल्युमिनियमची नळीही जागोजागी वेगळ्या रुंदीची व आकाराची करता येऊ लागली. इटलीचा मार्को पांतानी १९९८ मध्ये ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर ‘तूर द फ्रान्स’ शर्यत जिंकला. त्यानंतर या धातूवर ती शर्यत कोणी जिंकलेली नाही.

कार्बन तंतूंचे आगमन : अमेरिकेत रॉजर बेकन (१९५८), जपानमध्ये आकिओ शिंदो (१९६० च्या सुमारास) आणि इंग्लंडमधील फार्नबरो येथे विल्यम वॉट व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनातून उच्च बळाचे कार्बन तंतू हाती आले. जपानच्या तोरे कंपनीने १९७१ मध्ये त्यांचे व्यापारी उत्पादन सुरू केले. हे तंतू ५ ते ७ मायक्रॉन व्यासाचे असतात. ते एपॉक्सी रेझिनात बसवून मिळणारे संमिश्र द्रव्य दर घ. सेंमी.स सु. १.६ ग्रॅ. इतके हलके असते [→ संमिश्र द्रव्ये]. धातूचे गुणधर्म सर्व दिशांना सारखे असतात. कार्बन संमिश्राचे तसे नसते. तंतूच्या दिशेने ते अतिशय दृढ, तर आडव्या दिशेने दुबळे असते. म्हणून तंतूंचे थर कोणत्या कोनात व किती रचावयाचे, हाच या सांगाड्याच्या अभिकल्पाचा गाभा ठरतो.

अमेरिकेतील एक्सॉन या खनिज तेल कंपनीने १९७०–८० या दशकाच्या मध्यास ‘ग्राफटेक’ हा सांगाडा काढला. त्यात कार्बन संमिश्राच्या नळ्या धातूच्या सांध्यांत चिकटविलेल्या होत्या. तैवानच्या जायंट कंपनीची १९८७ मधील ‘कॅडेक्स’ ही मोठ्या प्रमाणावर निघालेली सायकलही ॲल्युमिनियमच्या सांध्यांची होती. अमेरिकेचा ग्रेग लमाँड १९८६ मध्ये तूर द फ्रान्स जिंकला तो कार्बन नळ्यांच्याच सांगाड्यावर. परंतु या पिढीतील सांगाड्यांत चिकटविलेला सांधा ही दुखरी जागा होती. घाम व पावसाचे खारट पाणी यांच्या संपर्कात कार्बन आणि ॲल्युमिनियम एकत्र आले, की विद्युत् घटासारखी क्रिया होऊन ॲल्युमिनियम क्षरते आणि सांधा सुटतो. दोहोंमध्ये काचतंतूचा थर घालणे हा त्यावरील उपाय पुढे सर्वमान्य झाला. ‘कार्बन अचानक तुटतो’ या भीतीमागे या सुटणाऱ्या सांध्यांचा मोठा वाटा आहे. वस्तुतः त्यांत दोष तंतूचा नव्हता, जोडणीचा होता.

साच्यातील सांगाडा : कॅलिफोर्नियातील केस्ट्रल कंपनीने १९८६ मध्ये ‘४०००’ हा धातूच्या सांध्यांविना, साच्यात एकसंध बनविलेला कार्बन सांगाडा विक्रीस आणला. १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा क्रिस बोर्डमन याने माइक बरोज यांनी अभिकल्पिलेल्या ‘लोटस’ या कार्बन सायकलवर ४,००० मी. पाठलाग शर्यतीचे सुवर्णपदक मिळविले. तेव्हा हव्या त्या वायुगतिकीय आकारात ओतता येणारे द्रव्य म्हणून कार्बनकडे जगाचे लक्ष गेले. त्याच वर्षी अमेरिकेच्या ट्रेक कंपनीने रेझिनातील पोकळ्या दाबाने कमीत कमी राखण्याच्या पद्धतीने सु. १.१ किग्रॅ. वजनाचा सांगाडा काढला. १९९९ मध्ये लान्स आर्मस्ट्राँगने तूर द फ्रान्स याच जातीच्या सांगाड्यावर जिंकली. उत्तेजक द्रव्यांच्या सेवनामुळे त्याचा हा विजय २०१२ मध्ये रद्द झाला, पण तोवर व्यावसायिक शर्यतींतील बहुतेक सर्व संघ कार्बनकडे वळले होते.

असा सांगाडा बनविताना रेझिनात भिजविलेल्या तंतुपटाचे शेकडो तुकडे कापून ते ठरलेल्या क्रमाने व कोनात हातांनी रचतात, आत फुगा घालून साचा मिटतात आणि दाब व उष्णता देऊन रेझीन पक्के करतात. हे काम यंत्रांहून माणसांच्या हातांवर अधिक अवलंबून आहे. थर रचताना पडलेली सुरकुती किंवा राहिलेली पोकळी रंगाखाली दिसत नाही. तैवान व चीन येथील कारखान्यांत हे कौशल्य एकवटले व उत्पादन वाढले, तसा हा सांगाडा २००० नंतर मध्यम किमतीच्या सायकलींतही येऊ लागला.

आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाने १ जानेवारी २००० पासून शर्यतीच्या संपूर्ण सायकलचे किमान वजन ६.८ किग्रॅ. ठरविले. या मर्यादेमुळे व्यावसायिक पातळीवर वजनाची चढाओढ मंदावली व वायुरोध कमी करण्याकडे लक्ष वळले. मध्यम किमतीच्या सायकलींचे वजन बहुधा ८ ते ९.५ किग्रॅ. असते, त्यांना ही मर्यादा लागूच पडत नाही. २०१० नंतर ॲल्युमिनियमचा एक प्रकारे पुनरुदयही झाला. कॅननडेलचे ‘कॅड-१०’ व ‘कॅड-१२’ आणि स्पेशलाइज्डचे ‘अले’ मालिकेतील सांगाडे वजनात व बांधणीत साधारण कार्बन सांगाड्यांच्या बरोबरीस आले.

गुणांची तुलना : (१) वजन : मध्यम किमतीच्या वर्गात ॲल्युमिनियमचा चांगला सांगाडा १.१ ते १.५ किग्रॅ., तर कार्बनचा ०.९ ते १.२ किग्रॅ. भरतो. फरक सु. ४०० ग्रॅ. धरला आणि स्वार, सायकल व सामान यांचे एकूण वजन ८५ किग्रॅ. मानले, तर तो अर्ध्या टक्क्याहून कमी होतो. फ्रान्समधील आल्प द्यूएझ हा १३.८ किमी. लांबीचा व सरासरी ८.१ टक्के चढाचा घाट एका तासात चढणाऱ्या हौशी स्वाराचे या फरकाने फार तर १७ सेकंद वाचतात. सपाट रस्त्यावर हा लाभ जाणवण्याजोगा नसतो. व्यावसायिक स्पर्धकास १७ सेकंद मोलाचे असतात, इतरांस क्वचितच.

(२) दृढता व आराम : योग्य अभिकल्प केल्यास दोन्ही द्रव्ये पुरेशी दृढ होतात. कार्बनचा खरा लाभ असा, की पेडलच्या आसाजवळ दृढता व बैठकीखाली लवचिकता अशी वाटणी एकाच सांगाड्यात करता येते. मात्र आरामाचा बराचसा भाग टायर ठरवितात. कारण सांगाड्यापेक्षा टायर कितीतरी पट अधिक दबतो. पूर्वी २३ मिमी. रुंदीचे टायर सर्रास असत; तबकडी गतिरोधकांच्या प्रसारानंतर २८ ते ३२ मिमी. रुंदीचे टायर रूढ झाले आणि ‘कडक ॲल्युमिनियम’ ही तक्रार बरीच ओसरली. १९९५–२००० नंतर अशा ॲल्युमिनियम सायकलींचा पुढचा चिमटाही बहुधा कार्बनचाच असतो.

(३) वायुरोध : सपाट रस्त्यावर वेगाने जाताना बहुतेक शक्ती हवा कापण्यात खर्च होते व तीतही मोठा वाटा स्वाराच्या शरीराचा असतो. सांगाड्याच्या आकारामुळे होणारी बचत कार्बनमध्ये साधणे सोपे जाते, हे खरे. पण नीट न बसणाऱ्या मापाचा सांगाडा घेतला, तर अंगस्थिती बिघडून ही बचत हातची जाते.

(४) शिणवटा व आघात : पोलादास शिणवट्याची सीमा असते, तिच्याखालील प्रतिबल ते कितीही वेळा सोसते. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट सीमा नाही. म्हणून अभिकल्पकास प्रतिबल मुळातच कमी राहील अशी रुंद नळी योजावी लागते. १९९७ मध्ये ‘टूर’ या जर्मन नियतकालिकासाठी १२ उंची सांगाड्यांची शिणवट्याची प्रयोगशालेय चाचणी झाली. शेवटपर्यंत अभंग राहिलेल्या तीन सांगाड्यांपैकी दोन ॲल्युमिनियमचे व एक कार्बनचा होता. पोलादाचे व टायटॅनियमचे सांगाडे तडकले होते. यावरून टिकाऊपणा द्रव्याच्या नावावरून ओळखता येत नाही, हे स्पष्ट झाले. सायकलच्या सुरक्षिततेसाठी ‘आयएसओ ४२१०’ हे आंतरराष्ट्रीय मानक असून त्यातील शिणवटा व आघात यांच्या कसोट्या दोन्ही द्रव्यांच्या सांगाड्यांना लागू आहेत.

आघाताच्या बाबतीत मात्र फरक आहे. ॲल्युमिनियमला पोचा पडतो किंवा चीर दिसते. कार्बन संमिश्राचे थर आघाताने आतल्या आत सुटू शकतात व वरचा रंग शाबूत राहू शकतो. म्हणून अपघातानंतर अशा सांगाड्याची जाणकाराकडून तपासणी आवश्यक असते. बैठकीची दांडी आवळताना उत्पादकाने सांगितलेली पीळ-मर्यादा, जी बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असते, ओलांडल्यास कार्बनची नळी चिरडते. उलट दुरुस्तीत कार्बन सरस ठरतो. तुटलेल्या जागी नवे थर चढवून तो पुन्हा सांधता येतो, तर ॲल्युमिनियमचा सांगाडा वितळजोडकामाने सांधल्यास त्याचे उष्णता संस्करण नव्याने करावे लागते व ते सहसा परवडत नाही. धातू म्हणजे निर्धोक, असेही नाही. २००६ च्या पॅरिस–रूबे शर्यतीत अमेरिकेचा जॉर्ज हिंकपी भर वेगात पडला, तो चिमट्याची ॲल्युमिनियमची दांडी मोडल्यामुळे.

मध्यम किमतीतील निवड : या वर्गात पैशास मर्यादा असल्याने निवड दोन सांगाड्यांतील नसते, ती दोन संपूर्ण सायकलींतील असते. एकाच किमतीत ॲल्युमिनियमची सायकल घेतल्यास तीवर बहुधा एक पायरी वरचे दंतचक्रसाधन, उदा., शिमानो कंपनीचे ‘१०५’, व बरी चाके मिळतात. कार्बनची घेतल्यास सांगाड्याची किंमत चाके, टायर व गतिरोधक यांतून वसूल केलेली असते. शिवाय सर्व कार्बन सारखा नसतो. स्वस्त सांगाड्यात सु. २३० गिगॅपास्काल गुणांकाचे साधारण तंतू वापरतात व पुरेशा दृढतेसाठी थर वाढवितात. महागड्या सांगाड्यातील अधिक दृढ तंतूंचे व बारकाईच्या रचनेचे गुण त्यात येत नाहीत. त्यामुळे शर्यतीत वारंवार पडण्याचा संभव असलेल्या, सायकल रेल्वे किंवा बसमधून नेणाऱ्या आणि पुढे चाके बदलू इच्छिणाऱ्या स्वारास उत्तम बांधणीचा ॲल्युमिनियम सांगाडा अधिक हिताचा ठरतो. दीर्घ पल्ल्याचा प्रवास, घाटांची आवड आणि सायकल जपून वापरण्याची तयारी असणाऱ्यास कार्बनचे लाभ मिळतात. मात्र सांगाडा जबाबदार उत्पादकाचा व मानकानुसार तपासलेला असणे अगत्याचे आहे. नामांकित कंपनीच्या नावाची नक्कल करून विकले जाणारे स्वस्त कार्बन सांगाडे धोक्याचे होत. त्यांतील थरांची रचना बाहेरून पाहून कळत नाही.

भारत : भारतात १९५० च्या सुमारास सायकल उद्योग उभा राहिला (टीआय सायकल्स, मद्रास, १९४९, ॲटलस, सोनिपत, १९५१, हीरो, लुधियाना, १९५६), तो मुख्यतः दणकट पोलादी सायकलींचा. दूध, वर्तमानपत्रे व गॅसच्या टाक्या वाहणाऱ्या या सायकलींना हलकेपणाची गरज नव्हती. ॲल्युमिनियमच्या व कार्बनच्या रस्ता-सायकलींचा प्रसार प्रामुख्याने २००० नंतरचा असून त्यांत आयातीचा भाग मोठा आहे. महाराष्ट्रात पुणे, मुंबई, नासिक व नागपूर येथे दीर्घ पल्ल्याच्या सायकल स्वारीची आवड वाढली. नासिकचे महेंद्र व हितेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका खंड ओलांडणारी शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. खड्डे, घाट व पावसाळा यांचा विचार करता येथील स्वारास रुंद टायर बसण्याइतकी जागा असलेला सांगाडा मिळणे, हे द्रव्याच्या निवडीइतकेच महत्त्वाचे आहे.

पुनर्वापर : टाकाऊ ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरण्यास खनिजापासून नवे ॲल्युमिनियम मिळविण्याच्या सु. ५ टक्केच ऊर्जा लागते. कार्बन संमिश्रातील रेझीन एकदा पक्के झाल्यावर वितळत नाही. उष्णतेने ते जाळून तंतू परत मिळविता येतात, परंतु ते आखूड होतात व नव्या सांगाड्यास सहसा उपयोगी पडत नाहीत. आयुष्य संपलेल्या सांगाड्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न कार्बनच्या बाबतीत अद्याप समाधानकारकपणे सुटलेला नाही. आणि सायकल हे पर्यावरणस्नेही वाहन मानले जात असल्याने या वर्गातील निवडीत त्याचाही विचार होऊ लागला आहे.